परभणींत उत्तम बर्गर कोठें मिळतो?

या सदरांत आजवर आम्हीं अनेक विषयांवर लिहिलें. परंतु बर्गर या विषयावर लेखणी उचलण्याचा प्रसंग येईल असें आम्हांला स्वप्नांतही वाटलें नव्हतें. ज्यानें आयुष्यभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं, त्या पेन्शनर मास्तरानें साठी उलटल्यावर परभणीच्या रस्त्यांतून बर्गर खात हिंडावें, हें कित्येक वाचकांस विनोदी वाटेल व कित्येकांस खेदजनकही वाटेल. दोघांनाही आमची विनंति एवढीच कीं, हकीकत पुरती वाचावी आणि मग हंसावें किंवा रागवावें.

कारण असें घडलें. आमचें कुटुंब एकत्र. लहानमोठीं मिळून तेरा माणसें. स्वयंपाकघराची सत्ता आमच्या वडील भगिनींकडे. त्यांना लहानथोर सर्वच आक्का म्हणतात. घरांतील शेवटचें मूल जेवल्यावांचून आक्का स्वतःचें पान वाढून घेत नाहींत, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. मागें एका शनिवारीं रात्रीं आमचीं तीन नातवंडें पानावर आलीं नाहींत. "पोटांत दुखतें" म्हणून अंथरुणावर पडलीं. आक्कांनीं तिघांना ओवा चावावयास दिला, बेंबींत हिंग भरला, धाकटीचें डोकें मांडीवर घेऊन मध्यरात्रीपर्यंत बसून राहिल्या. त्यांची भाकरी टोपल्याखालीं तशीच राहिली. तिसऱ्या दिवशीं सूनबाईंना दप्तरांत तेलाचे डाग पडलेला कागद सांपडला आणि पोटदुखीचें खरें निदान झालें. तिघेंही शिकवणीहून येतांना बर्गर खाऊन आलीं होतीं!

घरांत दोन पक्ष पडले. आमच्या धाकट्या बंधूंचें म्हणणें, सक्त बंदी करावी. आमच्या चिरंजीवांचें म्हणणें, त्यांत एवढें काय आहे, सारें जग खातें. आम्हांला दोन्ही पक्ष अपुरे वाटले. मुलांनीं पाव खाल्ला याचें आम्हांला फारसें वाटलें नाहीं. एक म्हातारी त्यांच्यापायीं उपाशी जागली, याचें वाटलें. जी वस्तु घरांत नांव घेऊन मागतां येत नाहीं ती चोरून खाल्ली जाते, आणि चोरून खाल्लेल्या घांसाबरोबर एक खोटें बोलणेंही गिळावें लागतें. तेव्हां आम्हीं नातवाला सांगितलें कीं, प्रथम आक्कांपुढें जाऊन काय झालें तें सांग. मग तुझा तो बर्गर कोठें चांगला मिळतो तें आम्हांला दाखव. तो गेला, खालीं मान घालून सर्व बोलला. आक्का बराच वेळ तांदूळ निवडीत होत्या. मग एवढेंच म्हणाल्या, "अरे, मग त्या रात्रीं ओवा कशाला खाल्लास? तिखट लागला असेल तुला." पोराच्या डोळ्यांत पाणी आलें. त्यापुढें आक्कांनीं अट घातली ती निराळीच: बाहेर खाऊन यावयाचें असेल तर मी पीठ मळण्यापूर्वीं सांगावें.

बर्गर कोठें उत्तम मिळतो यावर त्या तिघांचीं तीन मतें निघालीं. म्हणून चारी शनिवारीं चार ठिकाणें पाहावयाचें ठरलें.

परंतु शोधास निघण्यापूर्वीं शब्दाचा विचार केला पाहिजे. जुनी खोड जात नाहीं. 'हॅम' म्हणजे डुकराचें मांस, म्हणून हॅमबर्गर, असा विग्रह करणारे विद्वान् आम्हांला भेटलेले आहेत. तो विग्रह चुकीचा. जर्मनींत एल्ब नदीवर हॅम्बुर्ग नांवाचें मोठें बंदर आहे. तेथील तो हॅम्बुर्गर, जसा नागपूरचा तो नागपुरी. सरळ तद्धित आहे. पुढें अमेरिकेंत लोकांनीं शब्दाचें डोकें उडविलें आणि नुसतें शेंपूट ठेवलें. उद्यां कोणी कोल्हापुरी, सोलापुरी आणि नागपुरी या शब्दांचीं शेंपटें तोडून जोडा, चादर आणि संत्रें या तिघांनाही 'पुरी' म्हणूं लागला, तर जें होईल तें या शब्दाचें झालें आहे. आमच्या एका संस्कृतज्ञ मित्रांनीं यास 'द्व्यपूपवटक' असा प्रतिशब्द सुचविला. अपूप हा शब्द ऋग्वेदांतला आणि वटक म्हणजे आपला वडा, त्यामुळें समास निर्दोष आहे. पण गाड्यावर उभें राहून तो उच्चारीपर्यंत बर्गर थंड होतो.

वस्तूचा इतिहास असा आहे. मूळ देशांत या दोन पावांमध्यें गोमांसाचा खिमा असे, आणि अजूनही असतो. अमेरिकेंतील विचिटा शहरीं १९२१ सालीं 'व्हाइट कॅसल' या नांवाचें दुकान निघालें, तेव्हांपासून तो स्वस्त व सार्वत्रिक होऊं लागला. पुढें मॅकडोनल्ड नांवाच्या दोघां भावांनीं १९४८ सालीं कॅलिफोर्नियांत आपल्या स्वयंपाकघराची मांडणी कारखान्यासारखी केली: एक माणूस भाजणारा, दुसरा पाव लावणारा, तिसरा गुंडाळणारा. त्यांच्याच नांवाची कंपनी १९९६ सालीं हिंदुस्थानांत आली. पहिलीं दुकानें दिल्लीस आणि मुंबईंत वांद्र्यास निघालीं. येथें मात्र तिनें गाईचें व डुकराचें मांस सोडलें, आणि शाकाहारी लोकांसाठीं बटाट्याची टिक्की पावांत घातली. धर्मशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर बर्गरानें या देशांत पाऊल ठेवतांनाच प्रायश्चित्त घेतलें.

प्रायश्चित्ताचा विषय आमच्या समाजास नवा नाहीं. १८९० च्या आक्टोबरांत पुण्यास गोपाळराव जोशी यांनीं प्रतिष्ठित मंडळींना पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें नेलें, आणि तेथें चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं नुसता पेला हातीं धरला. मग गोपाळरावांनीं 'पुणें वैभव' पत्रांत त्या मंडळींचीं नांवेंच प्रसिद्ध केलीं! त्यांत न्यायमूर्ति रानडे होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारीं गेलें, घरोघर पंक्ति तुटल्या, श्राद्धास ब्राह्मण मिळेनासे झाले. टिळकांनीं प्रायश्चित्त घेतलें. रानड्यांनीं १८९२ सालीं घेतलें, तेव्हां उलट त्यांचे सुधारक मित्रच त्यांच्यावर रुष्ट झाले. एका पेल्यावरून इतकें रामायण! आज त्याच घराण्यांतील आजीबाईंना सकाळीं सहा वाजतां चहा मिळाला नाहीं तर घरांत कोणाची धडगत नसते.

पावाचीही गोष्ट तीच. पायानें तुडवितात म्हणून पाव, ही आमच्या लहानपणीं ऐकलेली व्युत्पत्ति अगदींच खोटी. शब्द पोर्तुगीज आहे. त्यांनीं गोव्यांत पाव आणला आणि पीठ फुगविण्यास आंबवण मिळेना म्हणून माडाची सुरी वापरली. पोर्तुगीजांच्या मुलुखांत विहिरींत पाव टाकून गांवेंच्या गांवें बाटविलीं, अशा कथा कोंकणांत पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. त्या भीतीची आठवण आमच्या आजीच्या वागण्यांत होती. परभणीस त्या काळीं पाव हें आजाऱ्याचें अन्न. ताप आला म्हणजे बेकरींतून एक पाव आणीत आणि दुधांत बुडवून देत. तो पाव स्वयंपाकघरांत येत नसे. ओसरीवरील कोनाड्यांत राहत असे. आणि गंमत अशी कीं, त्याच स्वयंपाकघरांत उपासाच्या दिवशीं जो बटाटा सोंवळ्यानें शिजत असे, तो बटाटाही अमेरिका खंडांतून समुद्रमार्गेंच येथें आला, त्याचें नांवही पोर्तुगीजच, आणि त्याच्या बरोबरची मिरचीही तिकडचीच. एकादशीला ज्याला मान मिळाला त्याचाच सोबती ओसरीवर बसला. यांत शास्त्र किती व सवय किती, हें आम्हांला अद्याप नीट सांगतां येत नाहीं.

बर्गराचा देशी भाऊबंद म्हणजे वडापाव. दादर स्टेशनाबाहेर १९६६ सालीं अशोक वैद्य यांनीं तो प्रथम विकला असें मानितात. पुढें १९८२ च्या गिरणीसंपानंतर बेकार झालेल्या कित्येक कामगारांनीं याच धंद्यावर संसार सांवरले. म्हणजे पावाचे दोन तुकडे आणि मध्यें बटाटा ही रचना महाराष्ट्रास पाठ होतीच. बर्गरानें तींत फक्त कोबी, टमाट्याची चकती आणि भाव वाढविला.

आतां आमचा दौरा. दुकानांचीं नांवें आम्ही देणार नाहीं. परीक्षेंत नापास झालेल्या मुलाचें नांव मासिकांत छापणें आम्हांला कधींच रुचलें नाहीं, आणि उत्तीर्ण झालेल्याचें छापलें तर दुसऱ्या दिवशीं त्याच्यापुढें रांग लागून तोही बिघडतो.

पहिलें ठिकाण वसमत रस्त्यावर. कांचेचीं दारें, आंत गारवा, मंद दिवे, आणि अशा मोठ्यानें वाजणारें गाणें कीं नातीला काय हवें तें कानांत सांगावें लागलें. एकशें वीस रुपयांस एक बर्गर. त्या पैशांत बाजारांतून दोन किलो ज्वारी येते आणि आमच्या घरचीं एका वेळचीं माणसें जेवून उरतें. हा हिशेब मनांत आला, पण मुलांपुढें बोललों नाहीं. पाव गोड लागला, इतका कीं आंत भाजी कशाला असें वाटावें. टिक्की बाहेरून कुरकुरीत व मध्यभागीं थंड! कारण विचारतां कळलें कीं, टिक्क्या गोठविलेल्या पाकिटांतून येतात. पांढऱ्या लेपांत अंडें आहे काय, असें आम्हीं विचारलें. वाढणाऱ्या मुलाला ठाऊक नव्हतें. पण त्यानें आंतून बाटलीच आणून दाखविली. हिरव्या चौकोनांत हिरवा ठिपका होता. वाचकांतील ज्या गृहिणींस हा प्रश्न पडत असेल त्यांनीं विचारण्याचा संकोच करूं नये. मेयोनीज नांवाचा हा लेप मुळांत अंड्याचा, आणि त्याचा बिनअंड्याचा प्रकारही मिळतो. चवीवरून ओळखूं म्हणाल तर ओळखूं येत नाहीं. पाकिटावरील ठिपका हाच पुरावा. थोरल्या नातवाचें मत मात्र आजही असें कीं, हाच बर्गर सर्वांत चांगला, कारण यांत चीज वितळतें. नोंद करून ठेवितों.

दुसरें ठिकाण स्टेशनच्या रस्त्यावर. गल्ल्यावरचा तरुण आम्हांस पाहून उठून उभा राहिला, वांकून नमस्कार केला. आमचाच विद्यार्थी निघाला. पैसे घेईना. परीक्षकानें उमेदवाराकडून कांहीं घेऊं नये, असें सांगून आम्हीं पैसे त्याच्या हातांत कोंबले, आणि तें बरेंच झालें. कारण गुण फार थोडे द्यावे लागले. कढईंतील तेल काळें होतें व त्याला धूर येत होता. तेल वारंवार तापवलें म्हणजे त्यांत 'पोलर' नांवाचीं अपायकारक संयुगें वाढतात; तीं शेंकडा २५ हून अधिक झालीं कीं तें तेल वापरूं नये, असा सरकारी नियम १ जुलै २०१८ पासून आहे. घरच्या माणसास यंत्र कोठून मिळणार? त्यानें रंग, धूर, फेंस आणि वास पाहावा. विद्यार्थ्याला आम्हीं बाजूला घेऊन हें समजावून सांगितलें. तो म्हणाला, "गुरुजी, तेलाचा डबा केवढ्याला येतो!" तेंही खरेंच आहे. स्वस्त खाणें स्वस्त राहावें असें आपण म्हणतों, तेव्हां ती स्वस्ताई कोणत्या कढईंतून निघते याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

तिसऱ्या ठिकाणाविषयीं, म्हणजे गांधी पार्कच्या गर्दींतील गाड्याविषयीं, फार लिहिण्यासारखें नाहीं. तो वडापावच होता; त्यांत कोबी घालून त्यास बर्गर म्हटलें होतें. धाकटी नात म्हणाली, "आजोबा, हा सोंग घेतलेला आहे." वडा म्हणून तो उत्तम होता, आणि आम्ही दुसरा मागून घेतला.

चौथें ठिकाण जिंतूर रस्त्यावरील एक लहान गाडा. नवराबायको दोघें चालवितात. येथें मात्र आम्ही पाऊण तास उभे होतों. बटाटे सकाळींच उकडून, पुरते निवल्यावर किसलेले. गरम बटाटा कुस्करला तर चिकट होतो, हें त्या बाईनें आम्हांस आपण होऊन सांगितलें. त्यांत भिजवून पिळलेले पोहे, म्हणजे टिक्की तेल पीत नाहीं व फुटत नाहीं. तळण नाहींच, लोखंडी तव्यावर थोड्या तेलांत दोन्ही बाजूंनीं भाजावयाची. पाव मधोमध चिरून त्याची आंतली बाजू तव्यावर तांबूस करून घेतात, त्यामुळें चटणीनें तो भिजून गळत नाहीं. पांढऱ्या लेपाच्या जागीं टांगलेल्या दह्याचा चक्का, त्यांत किंचित् मोहरी फेंसलेली. आणि खालच्या पावास शेंगदाण्याची तिखट चटणी, अस्सल आपल्या मराठवाड्याची. चाळीस रुपये. खातांना तोंड फार पसरावें लागत नाहीं, हाही एक गुणच. सत्तरीकडे झुकलेल्या दांतांस त्याचें महत्त्व कळतें. आमच्या मतें परभणींतील उत्तम बर्गर तो हाच. मुलांचीं मतें दोनास एक अशीं फुटलीं.

पावाविषयीं आम्हीं त्या गृहस्थांना विचारलें. पाव शहरांतल्याच बेकरींतून दोन वेळां ताजा येतो. पिठांत पोटॅशियम ब्रोमेट नांवाचें रसायन घालण्याची चाल पूर्वीं बेकऱ्यांत होती, तें २०१६ सालीं सरकारनें बंद केलें, एवढें गिऱ्हाइकानें ठाऊक ठेवावें आणि पाकिटाचा पाव घेतांना घटक वाचावे.

परंतु आमच्या मनांत निराळाच प्रश्न घोळत होता. परभणी हा ज्वारीचा मुलुख. येथील कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. 'परभणी मोती' ही टपोऱ्या दाण्याची ज्वारी त्यानेंच दिली, आणि २०१८ सालीं हैद्राबादजवळील इक्रिसॅट संस्थेच्या साहाय्यानें 'परभणी शक्ति' नांवाचा वाण काढला, त्यांत लोह व जस्त अधिक आहे. अशा गांवांत मैद्याचा पाव बाहेरच्या धान्याचा, आणि ज्वारीस बर्गरांत कोठेंच जागा नाहीं? सूनबाईंनीं हा प्रश्न मनावर घेतला. ज्वारीच्या पिठाचे बन करून पाहिले. ते तव्यावरच्या दगडासारखे झाले. दोष त्यांचा नव्हे. गव्हाच्या पिठांत पाणी घालून मळलें म्हणजे ग्लुटेन नांवाचें चिवट जाळें तयार होतें. यीस्टनें सोडलेला वायु त्या जाळ्यांत अडकतो व पाव फुगतो. ज्वारींत तें जाळें होतच नाहीं. म्हणून तर भाकरी लाटतां येत नाहीं, थापावी लागते, आणि पीठ उकळत्या पाण्यानें मळावें लागतें. हजारों वर्षें आमच्या बायका जें हातानें जाणत होत्या तें हेंच.

मग आक्का पुढें सरसावल्या. त्यांनीं बर्गर कधीं पाहिला नव्हता; नातवानें कागदावर चित्र काढून दाखविलें. त्यांनीं वाटीएवढालीं छोटीं धपाटीं थापलीं, तीळ लावले, टिक्की मध्यें ठेवली, वरून दह्यांतली लसणाची चटणी. तिन्ही मुलांनीं दोन दोन खाल्लीं. आम्हीं विचारलें, कसें आहे? धाकटी फार सत्यवादी, ती म्हणाली, "खूप छान आहे, पण हा बर्गर नाहीं." आक्का हंसल्या व म्हणाल्या, "नसूं दे. मला कुठें तुझ्या बर्गराशीं सोयरीक करावयाची आहे?"

सूनबाईंचा तिसरा प्रयोग त्यामानानें बराच साधला. तीन वाट्या कणीक, एक वाटी ज्वारीचें पीठ, एक चमचा यीस्ट, थोडी साखर, मीठ, दोन चमचे तेल, आणि कोमट दुधांत सैलसर मळून तासदीडतास झांकून ठेवलें. फुगून दुप्पट झाल्यावर गोळे करून पुन्हां अर्धा तास ठेवावें. मग भट्टींत वीस मिनिटें. ज्वारी याहून वाढवली तर पाव बसतो. ज्यांच्या घरीं भट्टी नसेल त्यांनीं जाड बुडाच्या पातेल्यांत वाळू तापवून वर तबकडी ठेवावी, वेळ थोडा अधिक लागतो.

जिंतूर रस्त्यावरील गाडा सायंकाळीं सहापासून नऊपर्यंत असतो. सोमवारीं बंद, आणि जोराचा पाऊस असला तर इतर दिवशींही लागत नाहीं.